प्राचीचे दोन शब्द

आधी एक सांगून ठेवते, फ्लेक्स चाळीस फुटी होता. गावात आता ज्याच्या त्याच्या तोंडी ही गोष्ट हाय. कुणी म्हणतं वारा सुटला, कुणी म्हणतं बांबू किडका निघाला. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आन् खरं सांगायचं तर माझ्या हातानं झालं, म्हणून मीच सांगितलेलं बरं.

प्राची हितंच ओट्यावर शेंगा फोडत बसलीय. चाळीस म्हणलं तवा तिनं एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. बरं, तीस धरा.

प्राची माझ्या लेकाची लेक. आई-बाप केडगावला आन् ही माझ्यापाशी, कारण कोरेगावच्या पुढं गाड्यांच्या वायरी जोडायची कंपनी हाय, तिथं ती क्वालिटीला लागली. क्वालिटी म्हंजी बघायचं काम. समोरनं वायरींचे जुडगे सरकत जातात, त्यात एखादी पिन वाकडी दिसली की ही तो जुडगा उचलून बाजूला ठेवती. बोलायचं त्यात काय न्हाई, म्हणून पोरगी खुशीत होती. तशी गुणाची हाय. नुसती बोलत न्हाई. सकाळी "येते" म्हणती, संध्याकाळी "आले" म्हणती, आन् मधी काय काय झालं इचारलं तर "बरं होतं" म्हणती. एवढ्यात तिचा दिवस भागतो. माझं एवढं बोलणं तर चहाचं आधण ठेवतानाच संपून जातं.

सहा महिने भरत आले तवा कंपनीनं तिला एक कागद दिला. तो तिनं मला दाखवला न्हाई, पिठाच्या डब्याखाली ठेवला. पण आमच्या घरात पिठाच्या डब्याखाली ठेवलेलं म्हंजी मला दाखवल्यासारखंच हाय. कागदावर लिहिलं होतं, काम उत्तम, हजेरी उत्तम, संवाद कमी, मीटिंगमध्ये सहभाग नाही. महिनाअखेरपर्यंत सुधारणा दिसल्यास कायम करण्याचा विचार होईल. न्हाई दिसली तर काय, ते लिहिलं न्हवतं, पण ते काय लिहायला लागतंय व्हय? सगळ्यात खाली बारक्या अक्षरात होतं, अंतर्मुख कर्मचाऱ्यांसाठी कंपनीची खास सहाय्य योजना आहे, लाभ घ्यावा.

अंतर्मुख काय ते मला उलगडंना. माझी शाळा चौथीपातुर. मी कागद घेऊन शेजारी सिंधूबाईकडं गेले. सिंधूबाई सातवी पास, त्यामुळं आमच्या आळीत अवघड शब्द तिच्याकडंच जातात.

तिनं चष्मा लावला आन् म्हणली, "सोपंय की गं ताईबाई. अंतर म्हंजी आत. मुख म्हंजी तोंड. पोरीचं तोंड आत हाय म्हणत्यात."

"आत म्हंजी कुठं?"

"आता ते मी कसं सांगू? दातांच्या डॉक्टरला दाखव."

तवा दुसऱ्याच दिवशी, पोरीला सुट्टी होती, आम्ही शिरूरला दाताच्या डॉक्टरकडं. प्राची न्हाई म्हणली न्हाई. तशी ती व्हय बी म्हणली न्हाई. डॉक्टरनं खुर्चीत बसवून आ करायला लावलं, आन् त्या पोरीचं तोंड सलग पंधरा मिनिटं उघडं ऱ्हायलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. डॉक्टर म्हणला, काय झालंय? मी म्हणलं, तोंड आत हाय. त्यानं परत आत बघितलं. मग शिक्का मारून लिहून दिलं, तोंड ठीक आहे, एक दाढ भरावी.

तो दाखला घेऊन मी कंपनीत गेले. प्राचीला सांगितलं न्हाई. ती आत लाईनवर, मी बाहेर गेटवर. वॉचमन रोहिदास, वढूचा पोरगा. त्यानं रजिस्टर उघडलं.

"आज्जी, कुणाला भेटायचंय?"

"तोंड आत असलेल्या माणसांचं खातं कुठं हाय, तिथं."

त्यानं जरा इचार केला आन् लिहिलं, एच. आर. म्हंजी त्याला बी ठाऊक होतं.

तिथल्या राजश्री मॅडम. तिशीची बाई, माणूस लाख मोलाचं, पण दमलेलं. दाखला त्यांनी दोनदा वाचला, आन् मग अंतर्मुख म्हंजी काय ते मला नीट समजावून सांगितलं. म्हंजी माणूस आतल्या आत असतं, चारचौघांत त्याचा जीव घुसमटतो, एकटं असलं की त्याला हुशारी येती. मी म्हणलं, एवढंच व्हय, मग दाढ कशाला भरायला लावली?

मॅडम म्हणल्या, "आजी, ही योजना आमच्या मोठ्या ऑफिसातून आली. सहा महिने झाले, एकाचाही फॉर्म आलेला नाही."

मी म्हणलं, बघू फॉर्म. फॉर्म चांगला गुळगुळीत. पण शेवटाला एक ओळ होती, अर्जदाराने हा फॉर्म सोमवारच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर उभे राहून, स्वतःची ओळख करून देऊन सादर करावा.

"मॅडम," मी म्हणलं, "पाण्याला भिणाऱ्यानं आधी हिरीत उडी मारून दाखवायची, मग त्याला दोर द्यायचा, असं हाय का हे?"

मॅडमनी फॉर्म उलटा करून बघितला, जसं काय मागल्या बाजूला उत्तर छापलंय. "हे कधी कोणी बोललंच नाही."

"ज्यांच्या ध्यानात आलं आसंल ते बोलत न्हाईत."

हितं मी उठायला पाहिजे होतं. तोवर सगळं बेस झालं होतं. पण समोरचं माणूस मन लावून ऐकाय लागलं, की माझ्या जिभेला उतार लागतो. लोक म्हणतात ताईबाई थापा मारती. मी थापा मारत न्हाई. खरं असतं ते लई हडकुळं असतं, मी त्याच्या अंगावर जरा मांस चढवते.

तर मी त्यांना प्राचीच्या आजोबांचं सांगितलं. आमचे मालक दौंडला रेल्वेत गँगमन होते. बोलणं पोरीसारखंच, म्हंजी न्हाईच. रुळाला कान लावायचे आन् सांगायचे, गाडीनं केडगाव सोडलं. हितवर सोळा आणे खरं हाय. पुढं मी म्हणलं, तिसऱ्या डब्यात बाई शिंकली हे बी सांगायचे. मॅडम वहीत लिहून घ्यायला लागल्या. मग माझा बी नाइलाज झाला. मी म्हणलं, सर्दी कोरडी का ओली, ते सुदिक.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे ऐकणं आणि बघणं हे प्राचीच्या रक्तातच आहे."

"तेच म्हणते मी."

"आजी, आपण तिचा सत्कार करू. अबोल कर्मचारी सन्मान. पंचवीस तारखेला पुण्याहून मोठे साहेब येणारच आहेत. त्यांच्यासमोर प्राची नुसते दोन शब्द बोलली, तर संवादाचा शेरा मी स्वतः बदलून घेते. कायमचं पत्र त्याच दिवशी."

"दोन कशाला, दोनशे बोलंल की," मी म्हणलं. "आन् फ्लेक्स आमच्याकडनं."

फ्लेक्स कुणी मागितला न्हवता.

बघा, आपल्याकडची रीतच अशी. एखाद्याला गप बसू द्यायचं ठरलं, तरी आधी त्याला स्टेजवर बोलवून, शाल घालून, माईक हातात देऊन मगच गप बसू देतात.

घरी आले. प्राची चुलीपाशी भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, सत्कार, साहेब, दोन शब्द. तव्यावरची भाकरी करपली. त्या पोरीच्या हातची भाकरी कवा करपत न्हाई. ती एवढंच म्हणली, "आज्जी." त्या एका शब्दात इतकं काय काय होतं, की मी दोन दिवस सिंधूबाईकडं जेवले.

बरं, एरवी गप असणारं माणूस रुसलं, तर ते वळखायचं कसं? मी सिंधूबाईला इचारलं. ती म्हणली, भांडी कशी ठेवती ते ऐक. मी ऐकलं. रुसली होती.

पण माघार घ्यायची सोय न्हवती, कारण तोवर आळी कामाला लागली होती. सिंधूबाईनं वेखंड उगाळून आणलं. बारक्या लेकराला वाचा फुटायला जिभेला लावतात तसलं. मी म्हणलं, अगं ती तेवीस वर्षांची हाय. सिंधूबाई म्हणली, मग जास्त लावू. तिचे मालक बाळासो, पंचायत समितीतनं रिटायर झालेले, त्यांनी भाषण लिहून आणलं, चार पानी.

"वहिनी, यात एक शब्द इकडचा तिकडं करायचा न्हाई," ते म्हणले.

मी बघितलं, पहिल्या दोन पानांत नुसतं व्यासपीठावरील मान्यवर होते. मी म्हणलं, भाऊजी, पोरगी कुठनं सुरू होती यात? ते म्हणले, पान चारला, आभाराच्या आधी. आन् त्यांनीच सांगितलं की रोज शेळीपुढं उभं राहून म्हणायची सवय करावी. प्राची चार दिवस भाषणाचा कागद घेऊन शेळीपुढं उभी ऱ्हायली. दोघी एकमेकींकडं बघत बसायच्या. पाचव्या दिवशी शेळीनं पान तीन खाल्लं, त्यानं भाषण जरा सुटसुटीत झालं.

ऱ्हायला फ्लेक्स. कोरेगावच्या चौकात सम्राटचं दुकान हाय. त्याचा फोन आला.

"जय भीम आज्जी. मजकूर काय टाकू?"

आता त्या सत्काराचं नाव मला नेमकं आठवंना. मी म्हणलं, "आमची प्राची अंतर्मुख, म्हंजी तोंड आत, असं काय तरी लिही, आन् खाली हार्दिक अभिनंदन टाक."

"फोटो?"

फोटोचं कळल्यावर आळीतली एकूण एक माणसं आपापला फोटो घेऊन आली. शुभेच्छुक म्हणून. न्हाई कसं म्हणायचं? बाळासोंनी फेटा बांधलेला फोटो दिला, सिंधूबाईनं भाचीच्या लग्नातला. माझा आधार कार्डावरचा, त्यात मी हाय हे फक्त आधार कार्डालाच ठाऊक. फ्लेक्स तयार होऊन आला तवा बघितलं, आम्ही सव्वीस जण परातीएवढे, आन् मधी प्राची बिस्किटाएवढी. आन् वर हातभर अक्षरात लिहिलेलं, आमची प्राची अंतर्मुख म्हंजी तोंड आत असं काय तरी, हार्दिक अभिनंदन.

सम्राटला म्हणलं, अरे मुडद्या, हे काय केलंस? तो म्हणला, "तुमचाच मजकूर हाय आज्जी, मी काना-मात्रा बी बदलला न्हाई." आन् ते खरं होतं, त्यामुळं मला काय बोलता येईना. माझ्यावर अशी वेळ कवा येत न्हाई.

पंचवीस तारीख उजाडली. कंपनीच्या पार्किंगमधी मांडव, स्टेज, खुर्च्या. साहेबाची खुर्ची मधोमध, उंच पाठीची, आन् तिच्या बरोबर मागं आमचा फ्लेक्स उभा करायचा, वीस फुटी.

व्हय, वीस. बघू नको अशी.

मांडववाल्यानं एक बाजू सुतळीनं बांधली, दुसऱ्या बाजूला सुतळी सरली. तो म्हणला, मावशी, टेम्पोतनं घेऊन येतो. मी म्हणलं, कशाला? माझ्या पिशवीत जुन्या लुगड्याचा काठ होता. पदर खोचला, खुर्चीवर चढले आन् बांबू बांधला. चाळीस वर्षं झाली मी रोज सांजच्याला शेळी बांधते, मला कुणी गाठ शिकवायची?

प्राची खाली उभी होती. कंपनीचा निळा शर्ट, केस चापून बसवलेले. तिनं गाठीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत गाठीकडं बघितलं.

"आज्जी, ही सोड—"

"गप बस," मी म्हणलं. "मला शिकवू नको."

सहा महिने सगळी दुनिया त्या पोरीला बोल म्हणत होती. ती आपणहून बोलाय लागली, आन् मी म्हणलं गप बस. हे मी कुणाला सांगत न्हाई, तुम्हाला सांगितलं.

साहेब आले. उंच, गोरे, देखणे. त्यांनी फ्लेक्स वाचला, राजश्री मॅडमकडं बघितलं. मॅडमनी आभाळाकडं बघितलं. कार्यक्रम सुरू झाला. अबोल माणसांचा कार्यक्रम, म्हणून एकूण सहा भाषणं. एक जण शांततेवर बोलला, कर्णा फुटंस्तोवर. साहेब स्वतः चाळीस मिनिटं बोलले, ऐकून घेणं किती मोठा गुण हाय यावर. पहिल्या रांगेत दोघं झोपले होते. मॅडमनी प्राचीच्या आजोबांचं सांगितलं, शिंकणाऱ्या बाईसकट. सिंधूबाई माझ्या कानात म्हणली, "ही कवाची गोष्ट गं? आम्हाला न्हाई कवा सांगितलीस." मी म्हणलं, ऐक मुकाट्यानं.

मग प्राचीला शाल घातली, गुलाबाचं फूल दिलं, आन् मॅडम म्हणल्या, "आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील."

प्राची माईकपुढं आली. हातात भाषणाचे ऱ्हायलेले कागद. आन् उभी ऱ्हायली. नुसती उभी. समोर तीनशे माणूस. अर्धं मिनिट झालं, एक झालं. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. मॅडमच्या फायलीत ते कायमचं पत्र मला दिसत होतं, सही बाकी असलेलं. खालनं सिंधूबाई ओठ हलवून "व्यासपीठावरील, व्यासपीठावरील" करत होती. मी मनात म्हणलं, गेलं. पोरीची नोकरी गेली, आन् माझ्या तोंडापायी गेली. ही आता परत केडगावला जाणार, आन् मी त्या रिकाम्या घरात कुणाशी बोलू? शेळीशी? तिला तर भाषण पाठ हाय.

पण पोरगी आमच्याकडं बघतच न्हवती. कागदाकडं बी न्हाई. ती मान मागं वळवून साहेबाच्या डोक्याच्या वर बघत होती, जशी लाईनवर वाकडी पिन बघती तशी. मग तिनं माईक तोंडाजवळ वढला आन् साधं, हळू, म्हणली,

"साहेब, सरका."

ते म्हणणं असं होतं, की साहेबानं का म्हणून इचारलं न्हाई. उठून बाजूला झाले. आन् तिकडं लुगड्याच्या काठाचं टोक सुळकन् निसटलं, बांबू वाकला, आन् आम्ही सव्वीस जण धाडकन् साहेबाच्या खुर्चीवर. खुर्चीची पाठ मोडली. तिची एक खुंटी माझ्या आधार कार्डातनं आरपार वर आली. मॅडम फ्लेक्सच्या खाली, त्यांचा नुसता हात बाहेर, त्यात फाईल.

मॅडमला वढून काढलं. कुणाला खरचटलं बी न्हाई. मग साहेबानं मोडकी खुर्ची बघितली, तो काठ उचलला, आन् आवाज बदलला.

"ही गाठ कोणी बांधली?"

मांडववाला माझ्याकडं बघाय लागला. मी माझ्या चपलांकडं बघाय लागले. साहेब प्राचीकडं वळले. "तुम्हाला दिसलं होतं, म्हणजे तुम्हाला माहीत असणार. सांगा."

प्राचीनं साहेबाकडं बघितलं आन् तोंड मिटलं. मिटलं म्हंजी पिठाच्या डब्याचं झाकण बसतं तसं. साहेबानं परत इचारलं. कायमचं पत्र मॅडमच्या हातात, सही व्हायची बाकी, आन् पोरगी माझ्यासाठी गप. आयुष्यभर मी तिच्या गप बसण्याला नावं ठेवली, आन् आता त्याच्याच आडोशाला उभी होते.

ते काय मला सोसंना. आन् खरं सांगू, एवढा वेळ गप बसायची मला सवय बी न्हाई.

"मी बांधली," मी म्हणलं. "सोडगाठ हाय ती. शेळीची. सकाळी एका हातानं सुटावी म्हणून मारतात, टोक वढलं की सुटती. हात त्या वळणाचा झालाय, साहेब. पोरगी सांगत होती, मीच तिला गप बस म्हणलं."

साहेबांनी तो काठ बोटांत धरून वढून बघितला. मग म्हणले, "आजी, मी चाळीस मिनिटं ऐकण्यावर बोललो. ऐकत कोण होतं?"

"मी तर न्हवते," मी म्हणलं.

तवा ते हसले. आधी साहेब हसले, मग साहेब हसले म्हणून बाकीचे. त्यांनी मॅडमकडनं पत्र घेतलं, मोडक्या खुर्चीच्या हातावर ठेवून सही केली. शेऱ्याच्या कागदावर संवाद कमी असं होतं, त्यावर काट मारली आन् वर लिहिलं, पुरेसा. मी मॅडमला म्हणलं, मॅडम, चांगला तरी लिहायचं. मॅडम म्हणल्या, आजी, आता पुरे.

त्या फॉर्मची ती शेवटची ओळ मॅडमनी काढून टाकली. आता जिन्याखाली एक पेटी ठेवलीय, ज्याला बोलायचं न्हाई त्यानं लिहून टाकायचं. पहिल्या आठवड्यात एकतीस कागद निघाले. कुणाला मीटिंगच्या आधी इषय लिहून पाहिजे होता, कुणाला डबा एकट्यानं खायचा होता. एका कागदावर सुंदर अक्षरात होतं, भाषणे कमी करावीत. ते अक्षर खुद्द साहेबाचं होतं, असं मी सगळ्यांना सांगते.

फ्लेक्स आम्ही घरी आणला. आता तो शेळीच्या गोठ्यावर टाकलाय, सावलीला चांगला. शेळीला मात्र मी अजून सोडगाठच मारते. रात्री प्राची एकदा बाहेर जाऊन येती. सकाळी बघावं तर निरगाठ.

तर असं झालं. कोरेगावपासनं शिरूरपातुर कुणालाही इचारा, चाळीस फुटी फ्लेक्स पुण्याच्या साहेबावर पडता पडता ऱ्हायला आन् आमच्या प्राचीनं—

"आज्जी, दहा."